शिक्षकाची पात्रता ठरेल. विद्यार्थ्यावरच्या विश्वासाचे काय?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत निकाल दिला आणि राज्यातल्या शिक्षकांच्या खोल्यांमधला विषयच बदलून गेला. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी लागेल, असा त्याचा गाभा आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहे त्यांना सूट मिळाली, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला. चारच दिवसांनी शिक्षक दिन होता. भाषणे झाली, गुलाबाची फुले वाटली गेली, पण कोपऱ्यात चर्चा एकच होती, "सर, फॉर्म भरला का?"

पनवेल परिसरात ज्या शाळांमध्ये आमचे कामानिमित्त जाणे-येणे असते, तिथे पन्नाशीला टेकलेले गुरुजी मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राचे गाईड चाळताना दिसू लागले. कुणी चिडलेले होते, कुणी घाबरलेले. एका बाईंनी आम्हाला विचारले, "वीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, ते कुठल्या पेपरात लिहू?" प्रश्न बोचरा होता. पण त्याच वेळी आमच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला. शिक्षक पात्र आहे की नाही हे ठरवण्यासाठी कायदा आहे, परीक्षा आहे, न्यायालय आहे. समोर बसलेले मूल शिकण्यास पात्र आहे, असे शिक्षक मानतो की नाही, हे कोण तपासणार?

पात्रता हवीच, पण ती पुरेशी नाही

आधी आमची भूमिका स्पष्ट करतो. टीईटीला आमचा विरोध नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचे काम राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेकडे आले आणि परिषदेने ऑगस्ट २०१० मध्ये टीईटी आवश्यक केली. आपली मुले बहुतांशी जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत शिकतात. त्यांना कमी शिकलेला शिक्षक चालेल, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. श्रीमंतांच्या मुलांसाठी निवडून घेतलेला शिक्षक आणि गरिबांच्या मुलांसाठी मिळेल तो, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

मात्र परीक्षा म्हणजेच गुणवत्ता, असेही आम्ही मानत नाही. याच महाराष्ट्रात टीईटीचा घोटाळा झाला. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक केली आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या आपल्या कितीतरी मुला-मुलींची वर्षे त्यात वाया गेली. डी.एड., बी.एड. करून, टीईटी पास होऊन, अभियोग्यता चाचणी देऊन पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेले तरुण आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. हा लेख त्यांच्यासाठीही आहे, कारण उद्याचे शिक्षक तेच आहेत.

टीईटीच्या १५० गुणांच्या पेपरात ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत. चार पर्यायांतला योग्य पर्याय निवडायचा. "प्रत्येक मूल शिकू शकते" या विधानावर खूण करणे सोपे आहे. जून महिन्यात साठ मुलांच्या वर्गात शिरल्यावर शेवटच्या बाकावरच्या, वही न आणलेल्या मुलाकडे बघून तेच मानणे अवघड आहे. शिकवण्याचा खरा कस तिथे लागतो.

"याचं काही होणार नाही"

आम्ही काही मित्र-मैत्रिणी पनवेलमधल्या एका वसाहतीतील बुद्धविहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. वीस-पंचवीस मुले येतात. वडील कुणाचे रिक्षा चालवतात, कुणाचे तळोजा एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहेत, आई चार घरची कामे करते. तीन वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा यायला लागला. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला सांगून टाकले, "दादा, मला नका विचारू. मी ढ आहे." त्याच्या आवाजात दुःख नव्हते, तक्रारही नव्हती. नाव-गाव सांगावे तसे त्याने ते सांगितले.

आम्ही त्याच्या शाळेत गेलो. शिक्षक वाईट माणूस नव्हते. खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "तुम्ही चांगलं काम करताय. पण याच्यावर वेळ घालवू नका. घरचं वातावरणच तसं नाही. याचं काही होणार नाही. दुसरी दोन-तीन मुलं आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्या." यात जातीचा एक शब्दही नव्हता. पण "घरचं वातावरण" या दोन शब्दांत काय काय सांगितले जाते, हे समाजशास्त्र न शिकलेल्या आपल्या आईलाही कळते.

त्या मुलाला भागाकार येत नव्हता, कारण त्याला वजाबाकीत हातचा कसा घ्यायचा हे समजलेले नव्हते. हे तिसरी-चौथीत सुटले होते. पुढची तीन वर्षे त्याच्यासमोर अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी असे सगळे येत गेले आणि तो मागे पडत गेला. कुणी मागे वळून पाहिले नाही. त्याच्या बुद्धीत खोट नव्हती. त्याची एक पायरी निसटली होती.

इथे आम्हाला स्वतःबद्दलही खरे बोलले पाहिजे. अभ्यासिका सुरू केली तेव्हा आम्हीही चुणचुणीत मुलांनाच पुढे बसवत होतो. उत्तर पटकन देणाऱ्याला शाबासकी, न देणाऱ्याला "तू बस". स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली की चार मुलांवर सगळी मेहनत. "मी ढ आहे" हे वाक्य त्या मुलाने शाळेतून आणले असेल, पण आमच्या विहारातही पहिले काही महिने ते तसेच चालू राहिले.

अभ्यास काय सांगतात

शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर परिणाम होतो का? रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन या अमेरिकन अभ्यासकांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबतीत गाजला. एका प्राथमिक शाळेतील काही मुले यंदा विशेष प्रगती करतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांतील अशा मुलांच्या चाचणीतील गुणांत इतरांपेक्षा अधिक वाढ दिसली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम सर्वसाधारणपणे इतका मोठा आढळला नाही. पण ज्यांच्या कपाळी समाजाने आधीच शिक्का मारला आहे, अशा समूहांतील मुलांवर शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम जास्त होऊ शकतो, असे पुढच्या संशोधनातूनही समोर आले.

आपल्या देशातले दोन अभ्यास तर प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावेत. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले जवळपास सारखीच कामगिरी करत होती. मुलांची नावे आणि जाती सगळ्यांसमोर वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुलगा तोच, बुद्धी तीच. खोलीत फक्त जात बोलली गेली.

दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर जात, वय, लिंग ही माहिती स्वैरपणे टाकली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. 'खालची' जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण होता. आणि यातला सर्वात अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे. हा भेदभाव उच्चजातीय तपासनिसांमध्ये आढळला नाही; तो प्रामुख्याने तथाकथित खालच्या जातींतून आलेल्या तपासनिसांनी केलेला होता.

हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. एका अभ्यासावरून सगळ्या शिक्षकांना तोलता येत नाही, हे खरे. उच्चजातीय शिक्षकांच्या वर्तनाला यातून प्रमाणपत्र मिळते, असेही नाही. पण बाबासाहेबांनी जातीला मनाची अवस्था म्हटले होते, ती आपल्याही मनात किती खोल रुजलेली आहे, हे यातून दिसते. आपल्यातूनच शिकून शिक्षक झालेला माणूस वस्तीतल्या मुलाला म्हणतो, "मी बघ कसा शिकलो, तुला काय धाड भरली आहे?" त्याला वाटते आपण प्रेरणा देत आहोत. मुलाला ऐकू येते ते एवढेच, की तू नालायक आहेस.

साताऱ्याचे गोणपाट आणि चर्नी रोडची बाग

आपला इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. त्या शाळेत त्यांना इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तेव्हा वर्गात गोंधळ उडाला, कारण फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे होते. डबे हलवले गेले आणि मगच भीमराव फळ्याजवळ जाऊ शकले. संस्कृत शिकायची इच्छा असून ती भाषा नाकारली गेली. त्यांना फारसी घ्यावी लागली.

याच मुंबईत एक वेगळा शिक्षकही होता. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज एकटा पुस्तक वाचत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी पाहिले. चौकशी केली, ओळख झाली, ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सत्कार सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे पैशाअभावी कॉलेजचे शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा याच गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ते चरित्र वाचल्यानेच आपण बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात नमूद केले आहे.

यातली एक बारीक गोष्ट बघा. केळुसकरांचा विश्वास मॅट्रिकच्या निकालानंतर सुरू झाला नव्हता. तो बागेतल्या बाकावर सुरू झाला, जेव्हा त्या मुलाकडे ना गुणपत्रिका होती, ना सत्कार. १९०७ ची सभा हे त्या विश्वासाचे फळ होते.

त्याआधीही हे घडले होते. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुला-मुलींसाठी शाळा सुरू केल्या. १८५५ मध्ये त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. धर्माला, राजसत्तेला, समाजाला थेट प्रश्न विचारणारे ते लेखन एका शाळकरी मुलीचे आहे. तिला नुसती अक्षरे शिकवली असती तर ती पत्र वाचायला शिकली असती. तुझे म्हणणे जगाने ऐकण्याजोगे आहे, हे तिला कुणीतरी शिकवले, म्हणून तिने निबंध लिहिला. शिकवण्याचा हेतू काय, या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी प्राथमिक शिक्षकांबद्दल सविस्तर लिहिले. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार असावा आणि शक्यतो ते शेतकरी वर्गातून आलेले असावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे पात्रता, पगार आणि जवळीक या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. आज आपण फक्त पहिलीवर भांडतो आहोत.

पनवेलचे दोन चेहरे

आमचे पनवेल झपाट्याने बदलते आहे. २०१६ मध्ये महापालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरपासून विमाने उडू लागली. खारघर, कामोठ्यात मोठ्या इमारतींच्या इंग्रजी शाळा आहेत. त्याच तालुक्यात मालडुंगे, धोदाणीच्या बाजूला डोंगरपायथ्याच्या आदिवासी वाड्या आहेत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात आणि मधले शाळेचे वर्ष मुलाच्या हातून निघून जाते. विमानतळासाठी ज्यांची गावे उठली, त्या गावांबरोबर त्यांच्या शाळांचीही जागा बदलली. शहर वाढले की शाळा आपोआप सुधारते, असे होत नाही.

आणि शिक्षकांवर बोट ठेवताना सरकारला मोकळे सोडता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात शिक्षक मतदार याद्या करतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, फोटो अपलोड करतो. "आम्हाला शिकवू द्या" ही शिक्षकांची घोषणा म्हणूनच खरी आहे. एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळत असेल, तर त्याला 'प्रत्येक मुलावर विश्वास ठेवा' असे भाषण देणे ही थट्टा आहे. विश्वासाला वेळ लागतो. तो वेळ सरकारने काढून घेतला आहे.

त्याच वेळी मुलांवरचा ताण वाढला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीत मुलांना पुन्हा नापास करण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रानेही २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू केली. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात, असा हा नियम आहे. जादा मार्गदर्शन खरोखर झाले तर उत्तम. ते कागदावरच राहिले, तर दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती "तू नापास" एवढेच उरेल. असर २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ४४.८ टक्के होती. निम्म्याहून अधिक मुले तेवढेही वाचू शकत नसतील, तर सगळी मुले मंद आहेत असे म्हणायचे, की शिकवणे कुठेतरी चुकते आहे असे?

चूळपंथकाचे फडके

बुद्धकाळात चूळपंथक नावाचा भिक्खू होता. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान. त्याने चूळपंथकाला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले, तरी ती पाठ होईना. भाऊ म्हणाला, तू संघात राहण्याच्या योग्यतेचा नाहीस, घरी जा. जीवकाने संघाला भोजनाचे निमंत्रण दिले तेव्हा त्यातूनही त्याला वगळले. पहाटे तो निघाला तर दाराशी भगवान बुद्ध भेटले. त्यांनी त्याला परत नेले, एक स्वच्छ पांढरे फडके हातात दिले आणि ते चोळत एकच शब्द म्हणत राहायला सांगितले, मळ दूर करण्याचा. चोळता चोळता फडके मळले. ते बघून चूळपंथकाला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला.

आपण ही कथा विहारात ऐकतो आणि सोडून देतो. शिक्षकाने ती नीट वाचावी. महापंथक दुष्ट नव्हता. त्याला शिकवण्याची एकच पद्धत माहीत होती आणि त्या पद्धतीत जो बसला नाही त्याला त्याने अपात्र ठरवले. बुद्धांनी विद्यार्थी बदलला नाही, पद्धत बदलली. नुसते "तू हुशार आहेस, तुला जमेल" असे कौतुकही केले नाही. त्याला जमेल तिथून सुरुवात करून दिली. सिगालोवाद सुत्तात आचार्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शिष्याला उत्तम वळण लावणे, त्याला नीट आकलन होईल असे शिकवणे, काहीही हातचे न राखता सर्व विद्या देणे, मित्र-परिवारात त्याच्याबद्दल चांगले बोलणे आणि सर्व दिशांनी त्याला सुरक्षित करणे. "याचं काही होणार नाही" हे वाक्य यातल्या चौथ्या कर्तव्याचा सरळ भंग आहे.

आजच्या भाषेत याला पातळीनुसार शिकवणे म्हणतात. इयत्ता न बघता मुलाला काय येते ते बघायचे आणि तिथून पुढे न्यायचे. प्रथम संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुण मुलींना 'बालसखी' म्हणून नेमून मागे पडलेल्या मुलांना शिकवले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत मुलांच्या शिकण्यात स्पष्ट सुधारणा दिसली. त्या मुलींकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. वस्तीतल्या मुलाची पायरी नेमकी कुठे निसटली हे शोधायला त्यांच्याकडे वेळ होता आणि ते मूल शिकेल ही खात्री होती.

आमच्या अभ्यासिकेतल्या त्या मुलाला आम्ही सातवीचे पुस्तक बाजूला ठेवून काड्यांच्या जुड्यांवर हातचा शिकवला. त्याला लाज वाटू नये म्हणून दोन महिने त्यालाच चौथीच्या मुलांना वजाबाकी शिकवायला बसवले. शिकवता शिकवता तो शिकला. पुढे तो दहावी पास झाला, ५८ टक्के गुण मिळाले, आता आयटीआयला आहे. ही काही चमत्काराची गोष्ट नाही. पण "मी ढ आहे" हे वाक्य तो आता म्हणत नाही.

आपण काय करायचे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्या-वस्त्यांत गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, ट्रॉफी, बाबासाहेबांचे पुस्तक, भाषणे. ते व्हावेत. पण ५८ टक्केवाला त्या रात्री कुठे असतो? तो खुर्च्या उचलत असतो. नापास झालेली मुलगी घराबाहेर पडत नाही. तिच्या घरी त्या आठवड्यात आपल्यापैकी किती कार्यकर्ते जातात? शाळेने जे केले तेच आपण विहारात करत असू, तर शाळेला दोष देण्याचा आपला अधिकार कमी होतो.

म्हणून आमची विनंती आहे. या वर्षी सत्काराच्या यादीबरोबर दुसरी यादी करा, नापास झालेल्यांची आणि शाळा सोडलेल्यांची. फेरपरीक्षेपूर्वी प्रत्येकाच्या घरी दोघांनी जायचे. सत्कार करायचाच तर ज्याने मागच्या वर्षीपेक्षा सर्वाधिक प्रगती केली, त्याचाही करायचा.

शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. आपल्या आया-बहिणींची नावे कागदावर असतात, बैठकीला बोलावणे नसते. बैठकीत एकच प्रश्न विचारायला सुरुवात करा: वर्गातल्या किती मुलांना वाचता येत नाही आणि त्यांच्यासाठी काय चालले आहे? मुलाला मारले किंवा हिणवले गेले, तर कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते, हे पालकांना सांगा. आणि शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपले जात असेल, तर कलम २७ हातात घेऊन त्याच्या बाजूनेही उभे राहा. चांगला शिक्षक आपला विरोधक नाही. तो एकटा पडलेला आपला साथी आहे.

टीईटीची तयारी करणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, परीक्षा जरूर पास व्हा. नोकरी तुमचा हक्क आहे, घरच्यांची आशा आहे. पण गाईड मिटल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या अभ्यासिकेत येऊन बसा. जो मुलगा उत्तर देत नाही, त्याच्याशेजारी बसा. उद्या वर्गात उभे राहाल तेव्हा तुमच्या हजेरीपटावर अशीच नावे असतील. आडनावावरून घर ओळखण्याची सवय आपल्यालाही आहे. ती तिथेच मोडावी लागेल.

बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकले, कोलंबिया आणि लंडनला गेले, परत येऊन सिडनहॅम कॉलेजात शिकवले, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उघडले. बागेतल्या एका बाकावर एका शिक्षकाने ठेवलेला विश्वास इतका लांब चालत आला. आज पनवेलच्या विहारातल्या सतरंजीवर, बसस्टँडमागच्या वस्तीत, डोंगरपायथ्याच्या वाडीत तशीच मुले बसलेली आहेत. त्यांच्याकडे अजून गुणपत्रिका नाही. त्यांच्याकडे आज कोण बघणार, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!